मुद्दा क्रमांक सात

यादीत फ्रिजनंतर आणि सोफ्याच्या आधी
टेंभुर्णे वकिलांनी लिहिलं : कुत्रा, एक, देशी.
रंग पिवळट. वय अंदाजे अकरा.
घरात ते कायम ‘ते’ होतं –
ढेमसं आलं, ढेमसं रुसलं, ढेमशानं चप्पल खाल्ली.
कागदावर पहिल्यांदाच ‘तो’ झालं
आणि मला उगाच वाटलं, मोठं झालं आपलं पोरगं.

गोकुळपेठ बाजारात भाजीवालीच्या पोत्याखाली सापडलं
तेव्हा खरंच ढेमशाएवढं होतं, तेवढंच गोल.
तू म्हणालास, घेऊन टाकू, पावशेर तर आहे.
पिशवीत खाली सांबार, वर ते.
घरी आल्यावर सगळा सांबार फेकावा लागला.

गजभिये मॅडम, समुपदेशक, भल्या बाई,
म्हणाल्या, लेकरू असतं तर कायद्यात वाट आहे.
याला नाही. हे सामानात धरतात.
तुम्हीच ठरवा.
आणि फायलीवर पेपरवेट ठेवलं,
पंख्यानं पानं उडत होती म्हणून.

आपण ठरवलं आपल्याच पद्धतीनं, म्हणजे भांडत.
गोळ्या कोण देतं? मी.
फुटाळ्यावर कोण नेतं? तू.
दिवाळीत फटाके फुटतात तेव्हा
कुणाला चिकटून थरथरतं?
यावर दोघंही गप्प.
ते दिवाणाखाली जातं. एकटंच.

शेवटी दौलतमामा म्हणाला, काऊन एवढं लांबवता बावा,
गल्लीच्या दोन टोकांना उभे राहा, हाक मारा,
ज्याच्याकडे जाईल त्याचं.
त्रिमूर्तीनगर, मे महिना, दुपारचे साडेबारा –
सकाळीच करायचं होतं, तुला उशीर झाला, नेहमीसारखा.
तू ट्रान्सफॉर्मरपाशी, मी कडूनिंबापाशी.
(सावली मी घेतली होती. कबूल.)
मामानं फाटक उघडलं.
ढेमसं मधोमध आलं.
तुझ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
मग एक पाय उचलला, ठेवला, दुसरा उचलला –
डांबर पेटलं होतं नुसतं
आणि ते म्हातारं तिथल्या तिथं नाचत,
कुणाला दुखवायचं नाही म्हणून की काय.

‘घरात जा!’
आपण एकदमच ओरडलो.
नऊ वर्षांत इतकं एका सुरात कधी बोललो नसू.
ते गेलं. कूलरखालच्या ओल्या फरशीवर
पोट टेकून पडलं.
मामा म्हणाला, बरोबरी.

मी सोडलं ते नंतर, कुणी विचारत नव्हतं तेव्हा.
माझी खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही,
त्याचे मागचे पाय दोन पायऱ्यांत थकतात.
तुझ्याकडे झिंगाबाई टाकळीला अंगण आहे.
एवढंच कारण. त्यात त्याग बिग शोधत बसू नकोस.

कूलर मात्र यादीत माझ्या नावावर होता.
तोही चढवला छोट्या हत्तीत.
ड्रायव्हर म्हणाला, मॅडम, मे महिन्यात कूलर देऊन राहिल्या?
म्हटलं, त्याच्याखाली कुणीतरी झोपतं.
टाकी गळते, तुला माहीत आहे.
दुरुस्त करू नकोस.

मी रात्री ओली चादर पांघरते. जमतं.

लसीच्या कार्डावर मालक म्हणून दोघांची नावं आहेत,
तुझ्या अक्षरात, माझं आधी.
ते कार्ड चुकून माझ्याकडेच राहिलं.
ऑगस्टात रेबीजचं इंजेक्शन आहे.
मागशीलच.