दोन फुटी रुळांमधली विष्णुक्रांता

घोसीपुऱ्याकडे, छोटी गाडी बंद पडल्यापासून
रुळांमध्ये बकऱ्या चरतात.
तिथे मला निळा ठिपका दिसला.
वाटलं, कुणाच्या झबल्याचं बटण पडलंय.
वाकलो. गुडघे बोलले.
बटणाला देठ होता.

फाटकावरचा रामसनेही म्हणाला, घास है बाबूजी.
पाटणकर बाजारातला काढेवाला म्हणाला, शंखपुष्पी,
बुद्धीला चांगली; आणि पुडी बांधून दिली
ती भलतीच. फुलं पांढरी, वाळून गुलाबट पडलेली.
बहीण फोनवर म्हणाली, शंखपुष्पी म्हणजे गोकर्ण रे,
आपल्या कुंपणावर नव्हती का?
नाव एक, दावेदार तीन,
आणि ही बिचारी चार बोटं उंच,
कुणाच्याच भांडणात नाही.

चाळीस वर्षं घड्याळं उघडली मी.
तबकडीवर काय छापलंय त्यावर कधी विश्वास ठेवला नाही.
रविवारी सकाळी चिमटा आणि भिंग घेऊन
कुजक्या स्लीपरवर पालथा पडलो.
पान करंगळीच्या नखाएवढं, दोन्ही अंगांनी रेशमी लव.
पाकळ्या पाच वाटतात, पण फूल अखंड,
छत्रीच्या कापडासारखं पाच घड्यांचं.
आत, मधोमध, दोन धागे
आणि प्रत्येकाच्या टोकाला पुन्हा दोन फाटे.
हे चार मोजायला अर्धा तास गेला.
एवढं कुठल्या हेअरस्प्रिंगनं छळलं नव्हतं.

चार? नक्की चार? कॉलेजातल्या भदौरिया मॅडमनी विचारलं.
मग विष्णुक्रांता.
धागा एकच असता, तर ती पुडीतली.

विष्णूचं पाऊल पडलेली.
तीन पावलांत ज्यानं सगळं मोजून टाकलं
त्याचं पाऊल बटणाएवढं,
हे मला फार आवडलं. दोन दिवस मी ते गिऱ्हाइकांना सांगत होतो.

पहिलं रोप उपटून आणलं.
मूळ लाकडासारखं; अर्धं खडीतच राहिलं.
रोप दोन दिवस जगलं, शिष्टाचार म्हणून.
दुसऱ्याला गांडूळखत, सावली, दोन वेळा पाणी.
लाडानं कुजलं.
मग बोंडं आणली, मान खाली घातलेली, मिरीहून बारीक,
एकेकात फार तर चार बिया.
पॉलिश पेपरवर हलक्या हातानं घासल्या,
ओरखडलेली काच घासावी तशा.
रात्रभर कोमट पाण्यात.
दूध पावडरच्या डब्याला तळाशी भोकं पाडून
रुळांखालचीच खडी कुटून भरली, वर मूठभर लाल माती,
गच्चीवर, भर उन्हात.
आणि नंतरचं सगळ्यात अवघड काम:
काही न करणं.

उगवली. पसरली. डब्याच्या कडेवरून खाली उतरली.
फूल मात्र नाही.
रोज दीड वाजता जेवायला आलो की गच्चीवर जायचो,
हिरव्या देठांवर मिटलेलं काहीतरी असायचं,
मला वाटे, कळ्या.
महिना गेला असा.
मग फाळक्यांची मैथिली, कांजिण्यांमुळे घरी बसलेली,
शेजारच्या गच्चीतून म्हणाली,
काका, तुमची निळी फुलं रोज येतात.
सकाळी. तुम्ही गेल्यावर.
बाराच्या आत मिटतात, मी बघते ना.

घड्याळजी मी.

आता दुकान साडेअकराला उघडतो.
सामनेवाला अग्रवाल विचारतो, तब्येत ठीक?
सांगतो, सकाळी जरा काम असतं.

गेल्या फाल्गुनात रूळ निघाले, वजनावर गेले.
खडी डंपरमधून; कुठे, ते रामसनेहीलाही ठाऊक नाही.
कुणाच्या तरी सडकेखाली, कुणाच्या पायरीपाशी,
घासून न घेतलेल्या बिया वाट बघत असतील
किंवा नसतील.
परवा नव्या पुलाच्या भरावावर
निळं काही चमकलं. वाकलो.

बटण होतं. खरंच बटण, चार भोकांचं.
उचलून खिशात टाकलं.