जुना काटा

जुना काटा तीनशे ग्रॅम जास्त दाखवायचा.
रिकाम्या झोळीतही
कुणीतरी बसलेलं असायचं,
तीनशे ग्रॅमचं, कधीच न रडणारं.

मी कळवलं होतं. दोनदा.
पोचपावती ट्रंकेत आहे, साडीच्या घडीत.

आधी मनातल्या मनात वजा करायची.
मग मोबाइल आला:
फोटोत दिसेल तोच आकडा भरा.
रेंज टाकीवर.
मी शिडी चढून गावभर पोरांचं
खोटं वजन आभाळात सोडायची.

तीन महिन्यांत आमची अंगणवाडी
लालातून पिवळ्यात आली.
कोरचीला शाल मिळाली, नारळ मिळाला.
नारळ मी खिचडीत किसला.

पाकिटातलं गोड पीठ पोरं थुंकतात,
शेळी खाते.
शेळी ठणठणीत आहे,
तिचं वजन कुणी मागत नाही.
अंड्याचा दर कागदावर सहा, दुकानात साडेसात.
मधला दीड रुपया
आणि सायकलवर फुटलेली अंडी
माझ्या खात्यात.

मोहाच्या दिवसांत नवा काटा आला,
आकडे पेटणारा.
एका सकाळीत अकरा पोरं वाळली.
ठेंगरी मॅडमची नोटीस त्याच संध्याकाळी:
सेवा नियमित असताना
वजन घटलेच कसे, खुलासा करावा.

नोटिशीचं काही नाही.
पण देवला कोवाची इंदलला झोळीतून काढत म्हणाली,
'काल त आठ होता ना जी?
राती का झालं याले?'
आणि पदराआड हात नेऊन
स्वतःलाच चाचपू लागली,
जणू दूधच चोरीला गेलं.

काटा खोटा होता, मी म्हटलं.
मग मला माहीत होतं, हेही म्हटलं.
ती बराच वेळ काट्याकडे नाही,
माझ्याकडे बघत राहिली.

उपचार केंद्रात चौदा दिवस.
'अना मोहा कोन येचन?'

मी वेचते आहे.
पहाटे चारला, तिच्या झाडाखाली,
कंदील आणि तिची टोपली घेऊन.
कंबर धरते. नऊला खिचडी चढवायची असते.
वाळलेली फुलं जुन्या काट्यावर टांगून बघते:
पाच किलो शंभर.
म्हणजे चार आठशे.
आता परत वजा करता येतं.

खुलाशाचा कागद कोरा आहे.
मुदत उद्याची.