चार बाय सहा

कुरिअरवाला कुडाळच्या पुढे येत नाही,
म्हणून तिथून वेंगुर्ल्यापर्यंत तो माझ्या मांडीवर बसून आला,
बत्तीस इंची, रिक्षाभर होऊन.
मठच्या वळणावर मी त्याला असं काही कवटाळलं
की रिक्षावाला म्हणाला, "बारसां कधी?"

पतपेढीत मी हिशेब मांडला होता:
एकेचाळीस हजार, आणि ठिपके ब्याऐंशी लाख.
एका ठिपक्याला अर्धा पैसासुद्धा पडत नाही, साहेब,
त्यात सुरंगीचं एक फूल येत नाही.
साहेबांनी फुलाचा विषय वाढवला नाही.

पण स्क्रीन एकटी नांदायला येत नाही.
मागोमाग ग्राफिक्स कार्ड आलं,
त्याला मोठा सप्लाय लागला, सप्लायला यूपीएस,
आणि खाऱ्या वाऱ्यासाठी दुकानाला काचेचं दार.
हर्षलाची भिशी त्याच महिन्यात लागली.
ती काही बोलली नाही. मिक्सरच्या भांड्यावर
झाकणाऐवजी ताटली दाबून धरून
ती चटणी वाटत राहिली.

पहिल्या रात्री मी काम केलंच नाही.
सागरेश्वरचा माझाच एक जुना फोटो उघडला
आणि कुर्ल्यांनी बिळाभोवती मांडलेल्या
वाळूच्या गोळ्या मोजत बसलो.
सहा वर्षं हा फोटो माझ्याकडे होता.
वाळू मी त्या रात्री पाहिली.
अक्षरांनाही कडा आल्या होत्या.
'भावपूर्ण'मधल्या ऊकाराची शेपटी इतकी गुळगुळीत
की वाटलं, बोट फिरवावं.
(यसूआत्या डोकावून गेली:
"येवढ्या मोठ्या टीव्हीर शिरेल लागणा नाय?")

गुरुवारी फिलू डिसोझा आली.
"इनासच्या वर्साची मिसा आसा.
गेटीर लावूक व्हया. चार बाय सहा."
फोटो एकच. ट्रॉलरवर, जाळ्याच्या ढिगावर सातजण,
त्यात इनास सहावा, कुणीतरी हाक मारल्यासारखा वळलेला.
तोही या फोनवरून त्या फोनवर
हातोहात गेलेल्या नोटेसारखा झिजलेला.

जुन्या सतरा इंचीवर मी असे चेहरे निभावून नेले आहेत.
ती थोडी धूसर होती, मीही.
ही निभावत नाही.
हिने एक चौकोन दाखवला, त्याच्या शेजारी एक चौकोन,
डोळ्याच्या जागी दोन तपकिरी, एक काळा.
चव्वेचाळीस आडवे, साठ उभे.
सव्वीसशे चाळीस. एवढाच इनास उरला होता,
आणि भोवती माझे ब्याऐंशी लाख.

उरलेला भरून काढता येतो.
एक बटण आहे, ते कातडी विणतं, पापण्या लावतं,
दात सरळ करतं. मी ते दाबलं.
फिलू म्हणाली, "ह्यो कोण?"
मी लगेच मागे घेतलं.

मग म्हटलं, जरा मागे सर.
ती खुर्चीमागे गेली, मग उंबऱ्यात,
मग काचेचं दार ढकलून पायरीवर,
जिथून मासळीच्या टेम्पोचं पाणी वाहत जातं.
तिथे थांबली.
"हां," म्हणाली. "आता आयलो."

माझ्यासमोर चौकोनच होते.
ती बराच वेळ आत आली नाही.
दार उघडं होतं, वारा सरळ मशीनवर येत होता,
पण 'दार लाव' म्हणायला माझी जीभ वळली नाही.

बिलावर लिहिलं: चोवीस फूट, दर बारा.
डिझाईनच्या रकान्याशी पेन अडलं,
मी केलं काहीच नव्हतं.
तो रकाना कोरा सोडला.

रात्री मऊ फडक्याने काचेवरचं मीठ पुसलं.
शटर ओढण्याआधी
खुर्ची उचलून पायरीवर नेली,
आणि हर्षलाचा तिसरा फोन येईपर्यंत
तिथेच बसलो.