छाप

एल्विरा बिदेगाइनची पुस्तकं मी छापतो.
म्हणजे तसा मी लग्नपत्रिका छापतो,
पशुखाद्याच्या पावत्या, मयताची कार्डं
(काळी चौकट माझ्याकडे कायम तयार असते)
आणि वर्षाआड, थंडीत, काम मंदावलं की
तिची एक रहस्यकथा. प्रती तीनशे.
निम्मे पैसे आगाऊ,
निम्मे तिच्या भावाची लोकर विकली गेली की.

आमच्या उत्तर उरुग्वेत
वाचणाऱ्यांपेक्षा गायी जास्त.
तरी प्रती संपतात. कशा, ते मी विचारलेलं नाही.

यंदा मोन्तेविदेओहून भाचा आला, फाब्रिसिओ.
माझ्या कटिंग मशीनवर लॅपटॉप ठेवून म्हणाला,
"मावशी, लोक पुस्तक घेत नाहीत, लेखक घेतात.
एक रंग ठरव. एक फोटो. एक वाक्य.
लांबून दिसलीस तरी कळलं पाहिजे."
"लांबून मला सगळे ओळखतात," ती म्हणाली,
"म्हणून तर रस्ता बदलतात."

रंग ठरला नारिंगी,
कारण निवडणुकीची शाई माझ्याकडे उरली होती.
फोटोसाठी शेजाऱ्याचा घोडा आणला,
माझ्या मेव्हण्याची टोपी.
तीस वर्षं गुरांच्या दवाखान्यात कारकुनी केलेली बाई,
घोड्याला भिते.
फोटोत तिच्या चेहऱ्यावर ते दिसत नाही.
घोड्याच्या दिसतं.

वाक्य काही केल्या जमेना.
मग तिने पिशवीतून बापाचा डागण्याचा ठसा काढला,
लांब दांड्याचा, गंजका,
आणि टेबलावर ठेवला, बघा काही होतंय का म्हणून.
लोहाराने तेव्हा घोळ घातला होता.
ठशावर अक्षर सुलट घडवलं,
म्हणजे कातड्यावर ते उलटं उमटणार.
मला चटकन कळलं. आमच्या धंद्यात
हातात उलटं असेल तेच कागदावर सुलट येतं.
बाप म्हणाला, असू दे, पैसे दिलेत.
साठ वर्षं कुठल्याही कुंपणाशी उलटा बी दिसला
की लोक म्हणत, बिदेगाइनचं वासरू चुकलंय,
हाका तिकडे.

फाब्रिसिओ नाचायचाच बाकी होता.
"हाच! हाच तुझा ब्रँड!"

तिने मातेचा एक घोट घेतला, नळी पुसली,
भांडं माझ्याकडे सरकवलं.
"अरे, डागतात ते वासराला.
बापाच्या अंगावर मी कधी बी पाहिला नाही."

पोरगं गप्प झालं. मीही.
चाळीस वर्षं शब्दांवर छाप मारतोय,
कुणाला चटका बसत असेल
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

रविवारी गुरांच्या बाजारात
नारिंगी चादरीवर पुस्तकं मांडली.
घोड्याचं पोस्टर वाऱ्याने दोनदा पाडलं.
तिसऱ्यांदा कुणी उचललं नाही.
दुपारी एक ट्रकवाला आला, ब्राझीलच्या हद्दीकडचा,
अंगाला डिझेलचा वास,
पोस्टरवर पाय देऊनच उभा राहिला.
"तुम्हीच ना त्या?
ज्यांच्या गोष्टीत कुत्रा कधी मरत नाही?"

एल्विरा थबकली.
सात पुस्तकं. तिने बोटांवर मोजली.
मीही मोजली; खिळे मी जुळवले होते.
नोटरी मरतो, जुळे भाऊ मरतात,
एका पुस्तकात तर अख्खं वाद्यवृंद बुडतं.
कुत्रा प्रत्येक वेळी शेवटच्या पानावर
पायरीवर येऊन बसलेला.
"बायकोला वाचून दाखवतो," ट्रकवाला म्हणाला,
"ती आजारी आहे. आधी विचारते, कुत्रा आहे ना?"
त्याने तीन घेतली. सुटे नव्हते, तर चौथंही.

फाब्रिसिओने ते वाक्य तिथेच हातावर लिहून घेतलं.
मला म्हणाला, उद्याच छापा, मोठ्या टाइपात.
एल्विरा काही बोलली नाही.
घरी जाताना डागण्याचा ठसा
ती माझ्याकडेच विसरली, किंवा ठेवून गेली.
कागद उडू नयेत म्हणून मी तो वापरतो.

आज तिच्या आठव्या हस्तलिखिताचं
एकशे बारावं पान जुळवलं.
रात्र. नदीला पूर. तीन पायांचा म्हातारा कुत्रा
पलीकडच्या काठावर भुंकतोय,
मग भुंकत नाही.

पुढची पानं तिने अजून आणलेली नाहीत.
फाब्रिसिओचे दोन फोन येऊन गेले, पोस्टरचं काय झालं म्हणून.
नारिंगी शाईच्या डब्याचं झाकण
मी उघडून ठेवलंय,
आणि काळ्याचंही.