वाघरीचं दार

मडग्याळला आमच्या घरी त्याला तीन नावं होती.
लाल असेल तर विंचू, काळी ठोसर असेल तर इंगळी,
आई कन्नडात बोलू लागली की दोन्ही चेळू.
दिवस मावळला की यातलं एकही घ्यायचं नाही.
"ते निघालंय, चप्पल झटक," एवढंच.

मिरजेत दुसऱ्या मजल्यावर मी त्याचं चौथं नाव
डबीवर लिहिते. रात्रीसुद्धा.
नांगीला बारीक वीज दिली की काचेच्या नळीत
थेंब उतरतो : आधी पाण्यासारखा, मग दुधाळ.
त्या दुधाळातून वर्षभर खपून एकच वेगळा काढलाय :
सदतीस मणी, गंधकाच्या तीन गाठींनी आवळलेले.
एवढासा जीव. जीवही नव्हे.

डब्या भरायला गावी गेले तेव्हा आप्पा सोबत आले.
निळी बॅटरी मारली की ताल पेटायची,
दगडादगडात हिरवट दिवे, आणि आप्पा म्हणायचे,
"एवढी? आन् आपण हितंच निजायचो?"

करतेस काय ह्यांचं, त्यांनी विचारलं.
म्हटलं, आप्पा, नस म्हणजे आपली वाघर.
ठिणगी गेली की तापते,
मग दारातून पोटॅशियम बाहेर पडतं, एकामागं एक,
तुम्ही पहाटे मोजता तसं,
आणि ती निवते, पुढच्या ठिणगीपर्यंत.
दारात ऑक्सिजनची माणसं उभी असतात.
पोटॅशियमच्या अंगावरचं पाणी उतरवून त्याला हातोहात पुढं देतात.
सोडियम त्याच्याहून बारीक, तरी त्याला नाही म्हणतात.

"बारक्याला का न्हाई?"

सगळ्यांचे हात त्याच्यापर्यंत पोचत नाहीत.
कुणी धरलं नाही, तर अंगावरचं पाणी तो सोडेल कशाला?

"बराबर हाय. कोकरू दाटीत शिरत न्हाई आईबिगर."

आणि हे बाहेरून येतं. सत्ताविसावा मणी पुढं करतं.
त्याचं टोक पोटॅशियमचं सोंग घेतं,
दाराला वाटतं, आपलंच.
ते पुढं जात नाही, मागं सरत नाही.

आप्पांनी बॅटरी खाली केली.
"कानतुट्या एडका," ते म्हणाले.
आठवला. शिंगं दारात अडकवून उभा राहिलेला,
मागं दीडशे मेंढरं, ऊन वर आलेलं,
आतल्या आत नुसती तुडवातुडव.

मग बराच वेळ आम्ही बोललो नाही.
दोघांच्याही मनात बिऱ्या, माझ्या पाठचा.
अंग घामानं निथळतंय, हात आडातल्या कळशीसारखे गार,
उमदीचा बाबा सातव्यांदा उतरवतोय,
आणि जीप जतला पोचेतो उजाडलेलं.

त्याला नेलं ते या मण्यांनी नव्हे, बहुधा.
यांचे भाऊबंद असतात, जास्त जहरी,
ते भलतीच दारं उघडी धरून बसतात.
हे आप्पांना सांगायला तोंड उघडलं
आणि चप्पल झटकली.

पडद्यावर एका दाराची रेषा चालते.
वर, खाली, वर, वर, खाली.
कुणीतरी दाणे पाखडावेत तशी.
मग मणी सोडते
आणि रेषा जमिनीला टेकते.
यंत्र चालू, कागद चालू, दार गप्प.
पहिल्यांदा वाटलं, मेलं.
चहा गार होईतो तशीच बसून राहिले
आणि रेषा उडाली.
कुणी मंत्र घातला नाही, कुणी ओढलं नाही.
आलं तसं निघून गेलं.

तेव्हापासून आप्पा फोनवर जेवलीस का विचारत नाहीत.
"उघडलं का?" म्हणतात.
उघडलं, मी सांगते. सहा मिनिटांनी.
पलीकडे मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा.
"सा मिनिटं," ते म्हणतात,
आणि फोन तसाच चालू ठेवून
मोजायला लागतात.