आखर

लसींच्या शेजारी ठेवलीत माझी इंजेक्शनं,
दिघोरीच्या दवाखान्यातल्या फ्रिजात.
वहीत तापमान लिहिते वनिता, माझ्याच हाताखाली शिकलेली.
सकाळी चार. संध्याकाळी पाच.
एकवीस वर्षं मी लोकांच्या लेकरांसाठी
ही थंडी सांभाळली.

पोटाची चिमूट धरून टोचायचं.
तिसऱ्या दिवशी कंबरेत ठणका,
चौथ्या दिवशी छातीच्या फळीत.
"मूळ पेशी हाडांच्या दाराशी येताहेत," फोनवर नागपूरचे डॉक्टर,
"त्यांना आत धरून ठेवणारा निरोप आपण तोडतोय."

बाप गावचा गायकी.
दिवस निघायच्या आधी गुरं आखरावर दाटायची,
शिंगाला शिंग,
आणि एकही हलायचं नाही
तो जिभेनं टाळूवर एक आवाज काढेपर्यंत.
तो आवाज लिहिता येत नाही.
पाटी मिळाली तेव्हा मी आधी तोच लिहून पाहिला होता.

नागपूरला यंत्राशी चार तास.
एका हातातून रक्त जातं, दुसऱ्यातून परत येतं.
ओठांना मुंग्या. सिस्टर कॅल्शियमची गोळी देते चघळायला.
वर पिशवी भरत जाते,
दुधात कुंकू कालवल्यासारखी.
ईस्तारी चपलेचा अंगठा शिवत बसतो,
वर पाहत नाही.

एक तरुण डॉक्टर सही मागतो.
आधी, मधे, नंतर, चमचाभर रक्त हवंय त्याला,
या दिवसांत पहारेकरी पेशी
एकमेकींना काय सांगतात ते बघायला.
सूर बदलतो म्हणे पहाऱ्याचा.
कोणी ओरडतं, कोणी म्हणतं, गप राहा, आपलेच आहेत.
"मग ते चांगलं की वाईट?"
तो टोपी सरळ करतो.
"तेच माहीत नाही, मावशी."
बरं वाटलं.
सगळ्या नोकरीत एवढं खरं
एकही साहेब बोलला नव्हता.
मी सही केली, हुद्द्यासकट.

दोन दिवसांनी गावात. अंगात कसर.
आखराच्या जागी आता सभागृह आहे ग्रामपंचायतीचं,
तरी गुरं त्या वळणावर थबकतात.
बाप अंधारात गुरं मोजत नसे.
कोणती आली नाही
ते त्याला घंटांच्या मधल्या जागेवरून कळायचं.

मी पडून ऐकते.
हाडं गप्प आहेत, जरा जास्तच.
वनिताला फोन लावते: संध्याकाळचं लिहिलं का?
"पाच, बाई. पण तुमचा कप्पा तर रिकामा झाला."
रिकामा असला तरी लिहायचं, पोरी.