लाव, कळंल

हरसूलच्या बाजारात एका बाईनं
कैऱ्यांवर फुकट टाकला तो कंद,
मिटल्या मुठीएवढा, मातीसकट.
काय आहे हे, विचारलं
तर म्हणाली, लाव, कळंल.

जेल रोडच्या आमच्या रो-हाउसमागे
दोन खाटा मावतील एवढीच माती.
त्यातही एक कोपरा कायम ओला,
पाणी गाळायच्या मशीनची नळी तिथं ठिबकते.
ऊन दुपारपर्यंत, मग भिंतीची सावली.
तिथं पुरला. विसरले.

आषाढात कोंब आले, टोकाला गुलाबीसर.
मग सगळी गल्ली शहाणी झाली.

शिंपीवहिनी म्हणाल्या, हळद.
पण हळदीचं पान लांब देठावर बुडातून उठतं,
याची पानं दांड्यालाच, एक इकडे, एक तिकडे,
जिन्याच्या पायऱ्यांसारखी.
दूधवाला म्हणाला, कर्दळ.
कर्दळीला कुठला आलाय वास?
मी पान चुरगळून त्याच्या नाकाशी धरलं:
आल्याच्या घरचं, पण आलं नव्हे.
वेलदोडा असेल, असं मीच म्हटलं एकदा
आणि पायाशी फुलं शोधत बसले महिनाभर, वेड्यासारखी.

सत्तावीस वर्षं नोटांच्या छापखान्यात
तपासणीच्या टेबलावर काढली.
केसाएवढी शाई सरकली तरी बोट थांबायचं.
आणि हे, माझ्या डोक्यावरून गेलेलं,
याचं नाव मला येईना.

गौरी गेल्या त्या संध्याकाळी
दांड्याच्या शेंड्यावर, हिरव्या खवल्यांतून
एक पांढरं बाहेर आलं.
आधी वाटलं, फुलपाखरू अडकलंय.
सोडवायला हात नेला
तेव्हा वास आला.

सोनटक्का.
आईच्या अंबाड्यात असायचा, फूलच तेवढं.
झाड कोणी दाखवलंच नव्हतं.

आता ऐका, कोणी लावणार असेल तर.
पाय ओले ठेवा, डोकं उन्हात नको.
फूल एका दिवसाचं, मोजत बसू नका.
थंडीत, निफाडकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात तेव्हा
पानं पिवळी पडतील. घाबरू नका.
फुलून गेलेला दांडा बुडापासून छाटा.
आणि खाली काय चाललंय याच्याकडे लक्ष द्या,
मी दिलं नाही.

तिसऱ्या वर्षी गायधनी दारात उभे.
टाकीच्या पाण्यावरून चार वर्षं अबोला,
आणि आता हातात उखडलेली फरशी.
"हे तुमचं?"
फरशी त्यांची होती. खालचा कोंब माझा.

पहार घेऊन त्यांच्या अंगणात गेले.
कंद कंदाला धरून,
भिंतीच्या पायाखालून, गटाराच्या पाइपाला वळसा घालून
सरळ त्यांच्या तुळशीपर्यंत.
इतकी वर्षं मी एका ओळीत आकडे तपासले,
इतकी नीट ओळ क्वचित पाहिली.
गायधनी बॅटरी धरून उभे होते.
"इथं राहिलाय," एवढंच म्हणायचे,
"इथं पण."

चौदा पिशव्या भरल्या.
शाळेत दिल्या, दवाखान्यात, शिंपीवहिनींना दोन.
प्रत्येकाला बजावलं, नको झाला तर वाळवून जाळा,
वालदेवीत टाकू नका,
नदीकाठ मिळाला तर हा दुसऱ्या कशाला जागा ठेवणार नाही.
नावाची चिठ्ठी मात्र कुठल्याच पिशवीत टाकली नाही.
का, ते सांगता येणार नाही.

एक कंद गायधन्यांनी ठेवून घेतला.
रंगाच्या डब्यात लावला, झाकणावर थाप मारावी तशी माती दाबली,
"आता कुठं जातोय बघू."
नंतर पुन्हा अबोला.

काल गच्चीत कपडे वाळत घालताना खाली पाहिलं.
डबा एका बाजूनं उभा फाटलाय.
त्यांनी त्याला तार गुंडाळलीय, तीन वेढे,
आणि तारेखालून एक गुलाबी टोक
माझ्या भिंतीकडे तोंड करून.

मी काही बोलले नाही.
त्यांना कळंल.